अंधाराशी ओळख

रात्रीची जेवणे आटोपली आहेत. स्वयंपाकघरातील दिवा मालवलेला आहे. पाच वर्षांच्या मुलाला तहान लागली आहे आणि पाण्याचा माठ त्या मालवलेल्या स्वयंपाकघरात, बैठकीच्या खोलीपासून अवघ्या दहा पावलांवर आहे. दिवसभरात ही दहा पावले त्याने पन्नास वेळा धावत तुडवली असतील. पण आता तो उंबरठ्यापाशी थबकतो, मागे वळून पाहतो आणि म्हणतो, “आई, तू पण चल ना!”

वाचकहो, ज्या घरी हा प्रसंग कधी घडला नाही असे घर विरळाच. अशा वेळी आपण देतो ती उत्तरेही बहुधा ठरलेली असतात. “एवढा मोठा घोडा झालास आणि भितोस काय?” असे कोणी म्हणतो. कोणी नुसताच हसतो. कोणी “तिथे काही नाही” एवढे सांगून पुन्हा मोबाईलमध्ये डोके घालतो. कोणी काही न बोलता उठून पाणी आणून देतो. पहिल्या तीन उत्तरांनी मूल भीती लपवायला शिकते. चौथ्याने ती टाळायला शिकते. तिच्यावर मात करायला मात्र ते यांतील कोणत्याच उत्तराने शिकत नाही.

मग करावे तरी काय? याचे उत्तर एका वाक्यात सांगता येते, पण ते आचरणात आणायला काही आठवडे लागतात. मुलाची अंधाराशी ओळख करून द्यावी; आणि ती सावकाश, मुलाच्याच पावलांनी, कोणीतरी आपले माणूस जवळ असताना व्हावी.

भीती केव्हा येते?

तान्ह्या मुलाला अंधार भिववीत नाही. मोठा आवाज झाला किंवा एकाएकी आधार सुटला, तर ते दचकते. आठ-नऊ महिन्यांचे झाले म्हणजे अनोळखी चेहरा पाहून ते आईच्या कुशीत शिरते आणि आई दृष्टीआड होताच रडू लागते. अंधाराची भीती बहुधा दोन-तीन वर्षांच्या सुमारास डोके वर काढते. याच वयात मूल काठीचा घोडा करते आणि रिकाम्या कपातून चहा पिते. समोर नसलेली वस्तू मनापुढे उभी करण्याची शक्ती त्याला नुकतीच लाभलेली असते. परंतु मनाने उभे केलेले चित्र आणि खरी वस्तू यांमधील सीमारेषा त्याला अजून नीट आखता येत नाही. ज्या शक्तीने दुपारी काठीचा घोडा होतो, त्याच शक्तीने रात्री खुंटीवरच्या कोटाचा माणूस होतो.

म्हणूनच तीन ते सहा या वयात भुते, राक्षस आणि पलंगाखाली दडलेले ‘कोणीतरी’ यांचे राज्य असते. सात-आठ वर्षांपुढे त्यांची जागा चोर, आग, अपघात, आईवडिलांचा मृत्यू अशा खरोखर घडणाऱ्या गोष्टी घेतात. म्हणजे बुद्धीच्या वाढीबरोबर भीतीही आपले रूप पालटते. भिणारे मूल हे दुबळे मूल नव्हे. ते वाढणारे मूल आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. दिवसा मुलाचे डोळे, कान आणि हात शंभर उद्योगांत गुंतलेले असतात. रात्री सारे थांबते आणि त्याच वेळी आपण त्याला सांगतो, “आता एकटा झोप.” अंधाराची भीती ही पुष्कळदा एकटेपणाचीच भीती असते.

महात्मा गांधींनी आत्मकथेत आपल्या अशा भीतीची मोकळेपणाने कबुली दिली आहे. लहानपणी त्यांना चोरांचे, भुतांचे आणि सापांचे भय वाटे. रात्री घराबाहेर पाऊल टाकण्याचा धीर होत नसे आणि खोलीत दिवा असल्याखेरीज झोप येत नसे. घरातील जुनी दाई रंभा हिने त्यांना सांगितले, की भीती वाटली म्हणजे रामनाम घ्यावे. हे बी आपल्या मनात रंभेनेच पेरले, असे त्यांनी पुढे कृतज्ञतेने लिहिले. पालकांनी या प्रसंगातून दोन गोष्टी घ्याव्यात. लहानपणीचा भित्रेपणा हा जन्माचा भित्रेपणा नसतो, ही पहिली. आणि रंभेने त्या मुलाची थट्टा केली नाही, तर भीतीच्या वेळी धरता येईल असे काहीतरी त्याच्या हाती दिले, ही दुसरी.

आपणच पेरलेले बी

गांधीजींच्या त्या दाईने धीराचे बी पेरले. आपण पुष्कळदा उलट करतो. “झोप, नाहीतर बागुलबुवा येईल,” हे वाक्य मराठी घरात किती पिढ्या उच्चारले जात आहे, कोण जाणे! अन्य प्रांतांतही याची भावंडे आहेत. उत्तरेत हौआ आहे, बंगालमध्ये जुजू आहे, तेलुगू घरात बूची आणि तमिळ घरात पूच्चांडी आहे. कर्नाटकात गुम्मा आहे. कन्नड संतकवी पुरंदरदास यांच्या एका पदात तर साक्षात बाळकृष्ण यशोदेची विनवणी करतो, की गुम्माला बोलावू नकोस. मी मुकाट्याने जेवीन, रडणार नाही. ज्याने कालियामर्दन करावे त्यालाही आई गुम्माचे भय दाखवते, हे पाहून आपल्याला हसू येते. पण मुलाच्या जागी बसून ते पद ऐकले, तर त्यातील काकुळती जाणवते.

आता बागुलबुवाच्या जोडीला पोलीस आला आहे, डॉक्टरांची सुई आली आहे आणि “थांब, भुताला फोन लावते” अशी मोबाईलची धमकीही आली आहे. काम तत्काळ होते, यात शंका नाही. घास गिळला जातो, डोळे मिटले जातात. पण संध्याकाळी सात वाजता काढलेले हे कर्ज रात्री दोन वाजता व्याजासह फेडावे लागते.

हे कसे घडते याचा पुरावा एका जुन्या आणि निष्ठुर प्रयोगात आहे. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी जॉन वॉटसन व रोझाली रेनर यांनी १९२० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यांनी निवडलेले तान्हे मूल पांढऱ्या उंदराला मुळीच भीत नव्हते. ते अकरा महिन्यांचे झाल्यावर, उंदराकडे त्याचा हात जाताच त्याच्या पाठीमागे पोलादी सळईवर हातोडा आपटण्यात आला. असे थोड्या वेळा घडल्यानंतर नुसता उंदीर दिसताच मूल रडू लागले. पुढे सशाला आणि केसाळ कोटालाही ते भिऊ लागले. असा प्रयोग करण्यास आज कोणी धजावणार नाही, आणि परवानगीही मिळणार नाही. परंतु अंधार आणि बागुलबुवा यांची जोडी रोज रात्री मुलासमोर मांडताना आपण याहून फार वेगळे काय करतो?

भय आणि लालूच या दोहोंवाचून मूल वाढवता येते, हा विचार आपल्या देशाला नवा नाही. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला, तो याच श्रद्धेवर. तेव्हा पहिला उपाय बिनखर्चाचा आहे: आजपासून घरातील कोणीही, अगदी थट्टेनेसुद्धा, मुलाला भीती घालू नये. आजी-आजोबा, पाहुणे आणि थोरली भावंडे यांनाही हे प्रेमाने सांगून ठेवावे.

सशाची गोष्ट

पेरलेली भीती काढता येते काय? येते. न्यूयॉर्क येथे मेरी कव्हर जोन्स या तरुण मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९२४ मध्ये ते दाखवून दिले. मुलांची भीती घालवण्याचे अनेक मार्ग त्यांनी पडताळून पाहिले. भीतीची वस्तू नुसती दृष्टीआड ठेवणे, तोंडी समजूत घालणे, इतर मुलांकडून चेष्टा होऊ देणे, हे मार्ग फारसे उपयोगी पडले नाहीत. लेखाच्या आरंभीची आपली ठराविक उत्तरे येथे पुन्हा आठवावीत!

दोन मार्ग मात्र सफल झाले. पीटर नावाचा एक मुलगा सशाला फार भीत असे. तो आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा खोलीत दूरवर ठेवण्यात आला. तो स्वस्थ राहिला, की पुढच्या वेळी पिंजरा किंचित जवळ येई. सशाला न भिणारी मुलेही अधूनमधून त्याच्याबरोबर खेळत. अखेर पीटर एका हाताने सशाला कुरवाळू लागला. सुखाची वेळ, लहान टप्पे आणि न भिणाऱ्यांची संगत, एवढेच त्या उपचाराचे मर्म होते.

हेच तत्त्व अंधाराला लावून पाहा. मुलाची भीती आधी नीट ऐकून घ्यावी. ‘ते’ कोठे असते, कसे दिसते, हे त्याला सांगू द्यावे. वाटल्यास चित्र काढू द्यावे. कागदावर उतरलेला राक्षस मनातल्या राक्षसाहून लहान असतो. एकदा दोघांनी मिळून पलंगाखाली पाहून घ्यावे. मात्र रोज रात्री झडती घेऊ नये. रोज शोधण्यासारखे तेथे काहीतरी आहे, असाच अर्थ मूल त्यातून काढते.

त्यानंतर झोपेच्या बऱ्याच आधी, मूल प्रसन्न असताना, अंधाराचे खेळ सुरू करावेत. पहिल्या दिवशी खोलीतला दिवा मालवून मुलाला मांडीवर घेऊन बसावे आणि म्हणावे, “आता काय काय दिसू लागते ते मोजू या.” प्रथम काहीच दिसत नाही. मग खिडकीची चौकट दिसते, कपाटाची कड दिसते, पंख्याची पाती दिसतात. मंद प्रकाशात काम करणाऱ्या डोळ्यातील पेशींना पूर्ण जागे व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. अंधार थोडा वेळ थांबणाऱ्याला सारे दाखवतो, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्यावे. दुसरा खेळ आवाजांचा. पाल चुकचुकते, फ्रीज घुरघुरतो, दिवसा तापलेला पत्रा आणि लाकूड रात्री गार होताना आकसून कुरकुरते. प्रत्येक आवाजाला नाव मिळाले, की त्यातले भूत निघून जाते. तिसरा खेळ विजेरीचा: भिंतीवर हातांच्या सावल्यांचे ससे आणि हरणे करावीत. सावली कोण करतो, हे ज्याला कळले तो सावलीला भीत नाही.

मग दहा पावलांचा प्रवास. काही रात्री हात धरून जावे. पुढे आपण उंबरठ्यावर उभे राहावे व मुलाशी बोलत राहावे. नंतर नुसते जागेवरून गाणे म्हणावे, म्हणजे आवाजाची सोबत होईल. एखाद्या रात्री मूल मागे सरले, तर आपणही एक पायरी मागे यावे आणि त्याबद्दल अवाक्षर काढू नये.

आमच्या घरातली चूक

हे सारे सांगण्याचा अधिकार मला नुसत्या पुस्तकांनी मिळालेला नाही. एका चुकीनेही मिळाला आहे. माझा मुलगा साडेचार वर्षांचा असताना आम्ही दिल्लीत नव्या घरी राहायला गेलो आणि तो रात्री दिवा मालवू देईनासा झाला. दोन आठवडे मी त्याची समजूत घातली. मग माझा धीर सुटला. एका रात्री मी दिवा मालवला, “आता मोठा हो” असे म्हटले आणि दार ओढून घेतले. आतून रडण्याचा आवाज आला नाही. उपाय लागू पडला, असे मला वाटले. अर्ध्या तासाने दार उघडले, तेव्हा तो भिंतीला पाठ लावून, उशी छातीशी घट्ट धरून, टक्क जागा बसला होता. आवाज केला तर ‘ते’ ऐकेल, म्हणून तो रडला नव्हता. त्यानंतर कितीतरी दिवस मी खोलीत शिरलो, की तो आधी माझा हात दिव्याच्या बटणाकडे जातो काय, हे पाहत असे.

त्याच सुमारास माझी आई गावाहून आली. मोतीबिंदूमुळे तिला रात्री कमी दिसे. तिने नातवाला उपदेश केला नाही. ती एवढेच म्हणाली, “अरे, रात्री न्हाणीघराकडे जाताना मला काही दिसत नाही बघ. बॅटरी धरायला कोणी असता तर बरं झालं असतं.” पहिल्या रात्री त्याने एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात आजीचा पदर धरला. आठवड्याभराने पदर सुटला. मग तो दोन पावले पुढे चालू लागला आणि आम्हाला आतून त्याचा आवाज ऐकू येई, “आजी, इथं पायरी आहे हं!” पुढे आईच्या डोळ्यांवर शस्त्रक्रिया झाली आणि तिला स्वच्छ दिसू लागले. पण ही गोष्ट तिने बरेच दिवस नातवाला सांगितली नाही.

माझ्या आईने सहज केले, त्याला शास्त्राचाही दुजोरा आहे, हे मला मागाहून कळले. २००६ च्या लेबनॉन युद्धाच्या वेळी इस्राएलमधील मानसशास्त्रज्ञ आवी सादेह व त्यांच्या सहकाऱ्यांनी भेदरलेल्या लहान मुलांना कुत्र्याचे एक कापडी पिल्लू दिले आणि सांगितले, की हे उदास आहे, त्याची काळजी तुम्ही घ्यायची. ज्यांनी त्या पिल्लाला जीव लावला, त्यांचा ताण कमी झाला. पुढे रात्रीच्या भीतीने ग्रासलेल्या चार ते सहा वर्षांच्या मुलांवरही असाच उपाय योजला गेला आणि तोही उपयुक्त ठरला. ज्याच्यावर कोणाची जबाबदारी असते, त्याला भिण्यास सवड कमी मिळते. आपल्या घरी बाहुली असेल, धाकटे भावंड असेल, किंवा अंधूक दिसणारी आजी असेल.

निजण्यापूर्वीचा तास

भीतीला थकवा फार मानवतो. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून दहा ते तेरा तास आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास झोप हवी. तेव्हा निजण्याची वेळ ठरलेली असावी आणि तिच्या आधीचा एक तास शांत असावा. या तासात दूरदर्शन संच व मोबाईल दोन्ही बंद ठेवावेत. त्यांवरची भयानक दृश्ये मनात घोळतात हे तर खरेच, शिवाय पडद्याचा निळसर प्रकाश झोप आणणाऱ्या मेलॅटोनिन या संप्रेरकाला अडवतो. मुलाला दिवा हवाच असेल, तर पिवळसर वा तांबूस, अगदी मंद, आणि सावल्या मोठ्या पडणार नाहीत अशा जागी ठेवावा. तो दिवा म्हणजे पराभव नव्हे. गोष्ट, अंगाई, आपापल्या घरची प्रार्थना, जे काही रोज त्याच क्रमाने येते, ते मुलाला सांगते, की कालची रात्र सरली तशी आजचीही सरेल.

दोन प्रकारच्या दचकण्यांतला भेद पालकांना ठाऊक असावा. दुःस्वप्न बहुधा रात्रीच्या उत्तरार्धात पडते. मूल पूर्ण जागे होते, आपल्याला ओळखते, स्वप्न सांगते. त्याला जवळ घ्यावे, धीर द्यावा. निद्राभय निराळे. झोप लागल्यापासून एक ते तीन तासांत मूल एकाएकी किंचाळून उठते. डोळे उघडे, अंगाला घाम, छातीत धडधड. पण ते आपल्याला ओळखत नाही आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. घरचे लोक घाबरून बाहेरची बाधा समजतात. वास्तविक ते गाढ झोपेतून अर्धवट वर येणे असते. मुलाला गदागदा हलवू नये, पाणी मारू नये. ते पडणार-आपटणार नाही एवढे पाहावे आणि ते पुन्हा झोपेपर्यंत शेजारी बसावे. अपुरी झोप आणि ताप यांनी हा त्रास वाढतो, आणि वयाबरोबर बहुतेकांचा तो आपोआप नाहीसा होतो.

तथापि काही वेळा डॉक्टरांकडे जाण्यात विलंब करू नये. भीती अनेक आठवडे ओसरत नसेल, दिवसाही मूल कोमेजलेले राहत असेल, शाळा टाळत असेल, झोपेत जोराने घोरत असेल किंवा त्याच्या अंगाला झटके येत असतील, तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. आजवर निर्धास्त झोपणारे मूल एखाद्या विशिष्ट माणसाच्या, जागेच्या वा प्रसंगाच्या नावाने रात्री भिऊ लागले, तर “उगाच काहीतरी” असे म्हणून ते उडवून लावू नये. त्याचे बोलणे रागावल्यावाचून शेवटपर्यंत ऐकावे. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा विनामूल्य दूरध्वनी क्रमांक आहे. तो मुलांना व मोठ्यांना, सर्वांना वापरता येतो.

वाचकहो, पुन्हा त्या उंबरठ्यापाशी येऊ. आज रात्री आपले मूल तेथे थबकले, तर त्याला हसू नका आणि पाणीही आणून देऊ नका. उठा, हात पुढे करा आणि त्याच्याबरोबर ती दहा पावले चाला. उद्या नऊ चाला. एका रात्री माझा मुलगा मला न सांगता स्वयंपाकघरात गेला. माठावरचे झाकण वाजले आणि थोड्या वेळाने तो परत आला. एक पेला त्याने स्वतः पिऊन संपवला होता. दुसरा त्याने माझ्यासाठी भरून आणला होता.